गुंतवणूक कंपनीच कर्जावर चालते, मग तिचे एनसीडी घ्यावेत का?

मिरजेच्या बाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत हायस्कूलला गणित शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. यजमानांच्या ग्रॅच्युइटीतले आठ लाख बँकेत ठेवीत आहेत, त्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ विम्याचं नि ठेवींचं काम करतात. वीस वर्षांचा घरोबा आहे, आजवर त्यांचा सल्ला कधी चुकला नाही. परवा ते एका गुंतवणूक कंपनीच्या एनसीडीचा, म्हणजे शेअरमध्ये न बदलणाऱ्या कर्जरोख्यांचा, फॉर्म घेऊन आले. पाच वर्षं, ९.६ टक्के, रेटिंग एए.

सोबतचं माहितीपत्रक मी दोन संध्याकाळी बसून वाचलं. कंपनी काही बनवत नाही. बाहेरच्या कुणाला कर्जही देत नाही. समूहातल्या सहा कंपन्यांचे शेअर धरून बसायचं, एवढाच तिचा धंदा. स्वतःचं भांडवल २,००० कोटी आणि कर्ज ३,६०० कोटी. म्हणजे हे ५,६०० कोटी गुंतवलेत, त्यातले निम्म्याहून जास्त उसने.

माझ्या वडिलांची कवठेपिरानला चार एकर जमीन होती. सोसायटीचं पीककर्ज दर वर्षी काढायचे. ऊस कारखान्याला गेला, बिल जमा झालं, की कर्ज वळतं व्हायचं. तो हिशेब मला लहानपणापासून कळतो. इथे मला ऊस कुठला तेच सापडत नाहीये. शेअर नुसते धरून ठेवायचे असतील तर व्याज कशातून द्यायचं? आणि गुंतवणूक करणाऱ्या कंपनीने कर्ज काढणं हे मुळात बरोबर आहे का? कृपया सोप्या शब्दांत सांगा. आकडेमोड चालेल, तिची भीती नाही.

ठाण्याचा सीए

बाई, नमस्कार. ही कंपनी बहुधा रिझर्व्ह बँकेच्या भाषेत कोअर इन्व्हेस्टमेंट कंपनी, म्हणजे सीआयसी आहे. अशा कंपनीची नक्त मालमत्ता किमान ९० टक्के आपल्याच समूहातल्या कंपन्यांत असावी लागते. बाहेरचं देणं नेटवर्थच्या, म्हणजे स्वतःच्या भांडवलाच्या, अडीच पटीपेक्षा जास्त चालत नाही. तुम्ही सांगता त्या आकड्यांवर ही पट १.८ येते, म्हणजे नियमात बसते.

कर्ज का काढतात ते बघा. ५,६०० कोटींवर १२ टक्के सुटले तर ६७२ कोटी आले. कर्जाचं व्याज साडेनऊ टक्क्यांनी ३४२ कोटी. उरले ३३०. मालकांचे स्वतःचे पैसे २,००० कोटीच असल्याने त्यांना साडेसोळा टक्के पडले. पण ज्या वर्षी ५ टक्केच सुटले त्या वर्षी २८० आले आणि ३४२ गेले, म्हणजे ६२ कोटींचा तोटा. चांगल्या दिवसांत नफा फुगतो, वाईट दिवसांत तोटाही तसाच फुगतो.

दुसरं कारण असं की प्रवर्तकांना नवे शेअर काढून बाहेरच्याला मालकीत वाटा द्यायचा नसतो. कर्ज काढलं की पैसा येतो आणि समूहावरची पकड तशीच राहते. आपल्याकडे हे कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे असं माझं मत आहे.

ट्रेझरीतला माणूस

बाई, तुम्ही ऊस कुठे आहे असं विचारलंत. या प्रश्नाचं उत्तर मी नऊ वर्षं रोज सकाळी शोधलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मुंबईत एका वित्त कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे पैसा उभा करणाऱ्या खात्यात होतो. कंपनीचं नाव नको. आम्ही बिल्डरांना पाच-पाच, सात-सात वर्षांची कर्जं द्यायचो. पैसा आणायचो मात्र ९१ दिवसांच्या कमर्शियल पेपरवर, म्हणजे थोड्या मुदतीच्या बिनतारण कर्जाच्या कागदावर. म्युच्युअल फंड आमचा पेपर घ्यायचे. ९१ दिवस झाले की जुना पेपर फेडायचा आणि त्याच दिवशी नवा विकायचा. याला आम्ही 'फिरवणं' म्हणायचो. लांब मुदतीच्या कर्जापेक्षा हा पैसा दीड टक्क्याने स्वस्त पडायचा आणि त्या दीड टक्क्यावर कंपनीचा नफा उभा होता. माझ्या टेबलावर एक्सेलची एक शीट असायची. आडवं तारखा, उभं फंडांची नावं, चौकटीत रक्कम. सकाळी नऊला फोन लावायचा, समोरचा डीलर म्हणायचा "हां, करतो रे, रेट सांग", की ती चौकट हिरवी करायची. सात वर्षांत एकही चौकट लाल राहिली नव्हती.

२१ सप्टेंबर २०१८, शुक्रवार. रस्ते-बोगद्यांसारख्या कामांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने पैसे थकवल्याच्या बातम्या महिनाभर येत होत्या. त्या दिवशी बाजारात बातमी पसरली की एका मोठ्या फंडाने डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीचा पेपर चढ्या व्याजाने, म्हणजे पडत्या भावात विकला. डीएचएफएलचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. रविवारी अनंत चतुर्दशी होती आणि सोमवारी आमचे १४० कोटी फिरवायचे होते. शुक्रवारी दुपारी मी नेहमीच्या डीलरला फोन लावला. तो म्हणाला, "या वेळी नाही जमणार. वरून सांगितलंय, वित्त कंपन्यांचा कागद वाढवायचा नाही." दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. सगळीकडे तेच. विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल खाली वाजत होते आणि आम्ही सहा जण ऑफिसात बसून आमच्या सर्वांत चांगल्या कर्जांची यादी काढत होतो, एका बँकेला विकायला. चांगली का, तर वाईट कर्जं दोन दिवसांत कोणी घेत नाही. ती विकली, सोमवारचे पैसे दिले. पण पुस्तकात मागे उरला तो गाळ. दीड वर्षात कंपनीने निम्मी माणसं कमी केली, त्यात मीही होतो.

आमची कर्जं त्या शुक्रवारी बुडालेली नव्हती. बिल्डर हप्ते भरत होते. पैसे सात वर्षांनी येणार होते आणि द्यायचे होते सोमवारी, एवढंच झालं होतं. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा ताळेबंद हातात आला की सीए साहेबांनी सांगितलेली पट मी नंतर बघतो. आधी बघतो की कर्ज परत कधी मागता येतं आणि मालमत्तेतून पैसा कधी सुटतो. तुमच्या वडिलांचं कर्ज उसाच्या तोडणीला जुळवून दिलेलं असायचं. सोसायटीने ते दर तीन महिन्यांनी मागितलं असतं तर चार एकर उत्तम पीक उभं असूनही ते अडचणीत आले असते.

आता आयएल अँड एफएस. ती हीच जात, कोअर इन्व्हेस्टमेंट कंपनी. १९८७ साली सेंट्रल बँक, यूटीआय आणि एचडीएफसी यांनी काढलेली. पुढे सर्वांत मोठी भागधारक एलआयसी, शिवाय जपानची ओरिक्स, अबू धाबीचा सरकारी फंड, स्टेट बँक. नावं वाचून कोणाचाही विश्वास बसावा. मुख्य कंपनी कर्ज काढायची आणि ते पैसे खालच्या कंपन्यांत भांडवल किंवा कर्ज म्हणून घालायची. त्या कंपन्या त्या भांडवलाच्या जोरावर बँकांकडून आणखी कर्ज काढायच्या आणि त्यांच्या खाली आणखी कंपन्या. शेवटी मोजल्या तर तीनशेच्या वर निघाल्या आणि समूहाचं कर्ज ९० हजार कोटींहून जास्त. ज्यात पैसा घातला होता ती कामं खरी होती. जम्मू-श्रीनगर महामार्गावरचा नऊ किलोमीटरचा चेनानी-नाशरी बोगदा त्यांनीच बांधला, आज त्यातून गाड्या जातात. पण बोगद्याचे पैसे वर्षानुवर्षं हप्त्याने येणार आणि मुख्य कंपनीने सिडबी या सरकारी वित्तसंस्थेकडून घेतलेलं कर्ज अल्प मुदतीचं. ते थकलं. २०१८च्या उन्हाळ्यात ज्या कागदाला एएए हे सर्वांत वरचं रेटिंग होतं, त्याला सप्टेंबरात 'डी', म्हणजे पैसे थकल्याचं रेटिंग लागलं. १ ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून बँकर उदय कोटक यांना अध्यक्ष नेमलं. कितीतरी कंपन्यांच्या कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड त्या रोख्यांत होता. मला आजही सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

एकावर एक चढलेलं कर्ज म्हणजे काय ते तुमच्याच आकड्यांवर मांडतो. खालच्या सहा कंपन्यांत ५,६०० कोटी भांडवल म्हणून गेले. समजा त्यांनी त्यावर चौपट कर्ज काढलं, २२,४०० कोटी. आता सगळा डोलारा २८,००० कोटींचा झाला. यात कोणाकडूनही उसने न घेतलेले पैसे किती? पहिले २,००० कोटी. म्हणजे सात टक्के. खालच्या मालमत्तेची किंमत सात टक्क्यांच्या थोडी पुढे उतरली की वरच्या कंपनीचं सगळं भांडवल संपलं आणि झळ थेट तुमच्या एनसीडीला लागायला सुरुवात. माहितीपत्रकात मात्र १.८ हाच आकडा दिसत राहतो, कारण खालचं कर्ज त्या पटीत धरलेलंच नसतं. म्हणून बाई, नुसता कंपनीचा ताळेबंद पाहू नका. एकत्रित ताळेबंद पाहा, त्यात खालच्या कंपन्यांचं कर्जही येतं. आयएल अँड एफएसनंतर रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नियम आवळले. समूहात सीआयसीचे दोनपेक्षा जास्त थर आता चालत नाहीत आणि एका सीआयसीने दुसरीत घातलेलं भांडवल स्वतःच्या फंडाच्या १० टक्क्यांपुढे गेलं तर ते नेटवर्थमधून वजा करावं लागतं.

रांगेचंही बघा. खालच्या कंपनीला बँकेने दिलेलं कर्ज त्या कंपनीच्या मालमत्तेवर असतं. तिथे काही बिनसलं तर आधी बँक, मग इतर घेणेकरी आणि सगळ्यात शेवटी भागधारक. तो भागधारक म्हणजे तुमची कंपनी. भागधारकाला जे उरेल त्यातून तुम्हाला मिळणार.

माझी विनंती: माहितीपत्रकात तीन आकडे शोधा. वर्षभरात खालच्या कंपन्यांकडून रोख लाभांश किती आला. त्याच वर्षी व्याज रोख किती दिलं. आणि मुदतवार देणं-येणं दाखवणारा तक्ता असतो, त्यात एका वर्षाच्या आतलं देणं किती, येणं किती. सीए साहेबांच्या हिशेबातले १२ टक्के कदाचित शेअरच्या वाढलेल्या किमतीत असतील. वाढलेल्या किमतीने व्याज देता येत नाही, त्यासाठी शेअर विकावा लागतो किंवा लाभांश यावा लागतो. ऊस तिथेच सापडेल, असला तर.

स्लाऊवरून

मी १९९९ पासून इंग्लंडमध्ये आहे. इथे इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट म्हणून शेअर बाजारात नोंदलेल्या गुंतवणूक कंपन्या असतात. त्या कर्ज काढून शेअर घेऊ शकतात, त्याला इथे गिअरिंग म्हणतात. सर्वांत जुना ट्रस्ट १८६८चा, फॉरिन अँड कलोनियल, अजून चालू आहे. त्यावरही कर्ज आहे, पण मालमत्तेच्या मानाने थोडं, ठरलेल्या कमी व्याजाचं आणि दशकांनी फेडायचं. बाजार पडला तरी उद्या सकाळी येऊन कोणी पैसे मागत नाही.

मी इथे आलो त्याच सुमारास दुसराही प्रकार जोरात होता, स्प्लिट कॅपिटल ट्रस्ट, म्हणजे एकाच ट्रस्टचे वेगवेगळ्या हक्कांचे शेअर. त्यातले 'झीरो' नावाचे, मध्ये काही न देता शेवटी ठरलेली रक्कम द्यायचे शेअर निवृत्त माणसांना आणि मुलांच्या फीसाठी साठवणाऱ्यांना सुरक्षित म्हणून विकले गेले. माझ्या पहिल्या ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याने नातीच्या शिक्षणासाठी घेतले होते. ट्रस्टांवर बँकांचं भरपूर कर्ज, अटीसह: मालमत्ता कर्जाच्या अमुक पटीखाली आली तर परतफेड सुरू करायची. शिवाय हे ट्रस्ट एकमेकांचेच शेअर धरून होते. २००० नंतर बाजार उतरला, एकाने बँकेसाठी शेअर विकले, भाव पडला, त्यामुळे दुसऱ्याची अट मोडली, त्यानेही विकले. ट्रेझरीवाल्या दादांनी सांगितलेला थरांचा प्रकार इथे आडवा पसरला होता. २००४च्या डिसेंबरात नियामकाने मध्यस्थी करून कंपन्यांकडून १९.४ कोटी पौंडांची भरपाई ठरवली. माझ्या सहकाऱ्याला काही भाग मिळाला, पण नात तोवर कॉलेजातून बाहेर पडली होती.

२०२२च्या सप्टेंबरातही इथे हेच पाहिलं. पेन्शन फंडांनी सरकारी रोख्यांवर उसनवारी करून व्यवहार केले होते. व्याजदर अचानक चढले, रोखे पडले, जास्तीचं तारण मागायला सुरुवात झाली, ते द्यायला रोखेच विकायचे, की ते आणखी पडायचे. शेवटी बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरून रोखे विकत घ्यावे लागले. तारण सरकारी रोख्यांचं होतं, याहून सुरक्षित काय असणार? तरी हे झालं.

मिरजेच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री यजमान आणि मी माहितीपत्रक घेऊन बसलो. ते वाचत होते, मी लिहून घेत होते.

रोख लाभांश: ९१ कोटी.
रोख दिलेलं व्याज: ३३८ कोटी.
एका वर्षाच्या आतलं देणं: १,१४० कोटी. त्याच काळातलं येणं: ३१० कोटी.

म्हणजे नुसत्या व्याजाला २४७ कोटी कमी पडले. रोख प्रवाहाच्या पानावर 'नवीन कर्जातून मिळालेली रक्कम' म्हणून मोठा आकडा आहे, त्यातूनच व्याज दिलं असं धरू का? आमच्या एनसीडीचे पैसेही 'विद्यमान कर्जाची परतफेड आणि व्याज' यासाठी वापरणार असं पहिल्याच पानांत स्पष्ट लिहिलंय. मी ते ओलांडून पुढे गेले होते.

अजून दोन गोष्टी समजल्या नाहीत. सहापैकी दोन कंपन्या शेअर बाजारात आहेत आणि त्यांच्यातल्या या गुंतवणूक कंपनीच्या हिश्शापैकी ४० टक्के शेअर 'तारण' लिहिले आहेत. याने आपल्याला धोका की आधार? आणि गृहस्थ म्हणतात, यापेक्षा म्युच्युअल फंडाची रोख्यांची योजना घ्या, फंड कर्ज काढत नाहीत. हे खरं का?

ट्रेझरीतला माणूस

बाई, तुम्ही आणि यजमानांनी दोन तासांत जे काढलंत ते आमच्या क्रेडिट कमिटीत कित्येकदा कोणी काढायचं नाही. हो, तुमचा अर्थ बरोबर आहे. व्याज नव्या कर्जातून जातंय.

तारण म्हणजे ते ४० टक्के शेअर दुसऱ्या कुणा सावकाराकडे गहाण आहेत. तो तुमच्या आधीचा. भाव पडला की तो आणखी शेअर मागतो, नाही दिले तर हातातले विकतो, आणि विकल्याने भाव अजून पडतो. २५ जानेवारी २०१९ला झी एंटरटेनमेंटचा शेअर एका दिवसात पाव भागाहून जास्त पडला. प्रवर्तकांच्या कंपन्यांनी शेअर गहाण ठेवून कर्ज उचललेलं होतं. सावकारांनी एकत्र बसून शेअर लगेच न विकण्याचं ठरवलं, म्हणून ते तिथे थांबलं. त्या कंपन्यांचे रोखे घेतलेल्या म्युच्युअल फंडांच्या काही मुदतबंद योजनांतल्या लोकांना मात्र त्या एप्रिलमध्ये मुदत संपूनही पूर्ण पैसे वेळेवर मिळाले नाहीत. शेअर बाजारात दोनच कंपन्या आहेत, तर बाकीच्या चारांचे शेअर घाईत विकताच येणार नाहीत, हेही लक्षात ठेवा.

फंड कर्ज काढत नाहीत हे पूर्ण खरं नाही. सेबी या बाजार नियामकाच्या नियमाने योजना तिच्या नक्त मालमत्तेच्या २० टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत कर्ज काढू शकते, पण मुख्यतः पैसे काढून घेणाऱ्यांना द्यायला. त्यावर नवी गुंतवणूक करून नफा वाढवायला नाही. हा नियम चांगला आहे. पण २३ एप्रिल २०२०ला फ्रँकलिन टेम्पलटनने सहा योजना बंद केल्या तेव्हा त्याची दुसरी बाजू दिसली. कोविडच्या घबराटीत लोक पैसे काढत होते, योजनांतले कमी रेटिंगचे रोखे विकले जात नव्हते, म्हणून बँकांकडून उचल घेतली होती. आधी बाहेर पडलेल्यांना त्या उचलीतून पूर्ण पैसे मिळाले आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला बँकेची परतफेड आली. आधी बँक फिटली, मग युनिटधारक. पहिला मोठा हप्ता फेब्रुवारी २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. पुढे सगळे पैसे आले, बंद केल्या दिवशीच्या मूल्याहून थोडे जास्तच. पण ज्याला मे २०२० मध्ये दवाखान्याचं बिल भरायचं होतं त्याचे ते दिवस कोण भरून देणार?

तुमच्या जागी मी असतो तर हे आठ लाख इथे घातले नसते. एकत्रित ताळेबंद न बघताही, ९१ आणि ३३८ हे दोन आकडे मला पुरेसे आहेत. तुमची साठ पूर्ण झाली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत मर्यादा आहे, आधी तिथे किती जागा उरलीय ते पोस्टात विचारा. त्या गृहस्थांवर रागावू नका. त्यांना हेच चार आकडे लिहिलेला कागद दाखवा. त्यांच्याकडे हा फॉर्म भरलेली अजून माणसं असतील आणि फॉर्म मागे घ्यायचा तर इश्यू, म्हणजे रोख्यांची ही विक्री, बंद होण्याआधी घेतलेला बरा.

मिरजेच्या बाई

दाखवला. ते बराच वेळ कागद धरून बसले होते. एकोणीस फॉर्म भरून घेतलेत म्हणाले, त्यात एक त्यांच्या बहिणीचा. इश्यू शुक्रवारी बंद होतोय. उद्या सकाळी आम्ही दोघं मिळून त्या एकोणीस घरी फोन करणार आहोत. दादा, फॉर्म मागे घेण्यासाठी अर्ज कुणाकडे द्यायचा, ब्रोकरकडे की रजिस्ट्रारकडे?

ट्रेझरीतला माणूस

ज्याच्यामार्फत अर्ज गेला त्याच्याकडे, म्हणजे ब्रोकरकडे, शुक्रवारी इश्यू बंद होण्याच्या आत. अर्जाचा नंबर लिहा आणि पोच घ्या. यूपीआयने पैसे अडवले असतील तर ते बँकेत मोकळे व्हायला एखाद-दोन दिवस जातील, घाबरू नये असं सगळ्यांना आधीच सांगा. काही अडलं तर उद्या दिवसभर मी इथे आहे.